लोकल नेटवर्कमध्ये पिंगचा वेळ मधूनच १५० मिलिसेकंदांवर जातो, तो कसा वाचावा?

आपल्या जिनिंगच्या फाटकाजवळील वजनकाट्याचा संगणक केबलने कार्यालयातील स्विचला (अनेक संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेला आहे. त्याला पिंग केल्यास, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते पाहिल्यास, तो वेळ बहुतेकदा १ मिलिसेकंदाच्या आत येतो, पण मधूनच १५० च्या वर जातो, काही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही) येते, आणि शेवटी सरासरी मात्र १२ दिसते, तेव्हा हे चालण्यासारखे आहे का, असे आपण विचारले आहे. मी हिंगणघाट भागात अशाच जोडण्या सांभाळतो. माझ्या मते हे चालण्यासारखे नाही.

सरासरीकडे पाहूच नये. ती फक्त परत आलेल्या उत्तरांची असते. हरवलेले पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे) तिच्यात धरलेच जात नाहीत. शिवाय विंडोज ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ (समोरच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही) या ओळीलाही उत्तर मिळाले असे मोजते, त्यामुळे समोरचा संगणक बंद असतानाही ‘० टक्के लॉस’ दिसू शकतो. म्हणून ‘पिंग -टी’ (ping -t, थांबवेपर्यंत पिंग करत राहणारी आज्ञा) लावून, काट्यावर गाड्यांची गर्दी असतानाच, एकेक ओळ वाचावी. पहिल्याच ओळीत वेळ थोडा जास्त आला तर चिंता नको. समोरच्याचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात तो जातो.

यापुढचा भेद महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेतून १०० मीटर जायला सिग्नलला सुमारे अर्धा मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे १५० मिलिसेकंद हा अंतराचा परिणाम असूच शकत नाही. पॅकेट कुठेतरी रांगेत थांबले, किंवा समोरचा संगणक स्वतःच कामात अडकला होता. खराब केबल मात्र सहसा उशीर करत नाही, ती पॅकेट गमावते, कारण इथरनेट बिघडलेले पॅकेट पुन्हा पाठवत नाही. वायफाय ते पुन्हा पाठवते, म्हणून तिथे कमजोर सिग्नल आधी उशिराच्या रूपाने दिसतो. आपल्याकडे उशीर आणि गळती दोन्ही आहेत, त्यामुळे मला शंका येते ती अशी: केबल खराब असल्याने जोडणीचा वेग १० मेगाबिटवर उतरला असावा, आणि काट्यावरील कॅमेऱ्याचे चित्रण त्याच तारेवरून येत असल्यास रांग तिथेच लागत असावी.

खात्रीसाठी आधी कार्यालयातीलच दुसऱ्या तारेवरच्या संगणकाला पिंग करावे. तिथे वेळ स्थिर असेल तर स्विचवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. मग काट्याच्या संगणकाची केबल काढून ती लॅपटॉपला लावावी आणि त्याच्या फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी द्यावी, नाहीतर तो उत्तरच देणार नाही. त्रास तसाच राहिला तर दोष वाटेत आहे, थांबला तर काट्याच्या संगणकात. अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेगही तिथेच पाहून घ्यावा.

केबलची लांबीही मोजावी. दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून मर्यादा १०० मीटरची आहे, आणि जिनिंगच्या आवारात फाटकापासून कार्यालयापर्यंत ती सहज ओलांडली जाते. तसे असेल तर नवी तांब्याची केबल ओढून उपयोग नाही. फायबर (प्रकाशाने डेटा नेणारी केबल) आणि तिच्या दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याच्या तारेशी जोडणाऱ्या पेट्या) बसवावेत. धातू नसलेली फायबर घेतल्यास जूनच्या वादळात विजेचा झटका त्या वाटेने कार्यालयापर्यंत पोहोचत नाही.