पत्रिकेतले ‘गं. भा.’

प्रश्न : मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत मी आमच्या आत्यांच्या नावाआधी ‘गं. भा.’ छापले. आमच्या घरी पूर्वापार तसेच लिहितात आणि मीही ते आदरानेच लिहिले. पण त्यांची मुलगी पत्रिका वाचून इतकी दुखावली की हळदीलाही आली नाही. आदराचा शब्द अपमानाचा कसा ठरतो? आता मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. त्यात काय लिहावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही; पण हेतू तुमच्या मनात राहिला आणि पत्रिका मात्र घरोघर गेली. ‘गंगाभागीरथी’ हा शब्द मुळात पावित्र्य सुचवणारा असला, तरी पत्रिका वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे या बाईंचे पती हयात नाहीत. पत्नी निवर्तलेल्या तुमच्या एखाद्या काकांच्या नावाआधी ‘श्री.’च राहते, त्यांचे वैधुर्य कोणी छापत नाही. शिवाय ज्या समाजाने हा शब्द दिला, त्यानेच त्या स्त्रीला हळदीकुंकवाच्या ताटापासून दूर बसवले, त्यामुळे त्या वागणुकीची आठवण शब्दाला चिकटलेली आहे.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्यास आपल्या विभागाला सांगितले, तेव्हाही हेतू सन्मानाचाच सांगितला गेला होता. त्यावर इतकी टीका झाली की असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. त्या गावाने नवे नाव शोधत बसण्याऐवजी प्रथेलाच हात घातला, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

‘गं. भा.’ काढून ‘श्रीमती’ लिहिले की प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. हिंदीत हे संबोधन विवाहित स्त्रीला सर्रास लावतात, पण मराठी पत्रिकेत इतर सगळ्या ‘सौ.’ आणि एकटीच ‘श्रीमती’ असली, तर वाचणारा जे समजायचे ते बरोबर समजतो. बोचणारी गोष्ट शेजारच्या ‘सौ.’मध्येही आहे. म्हणून एक तर सर्व स्त्रियांना सरसकट ‘श्रीमती’ लावा, नाहीतर सगळ्यांचीच, पुरुषांचीसुद्धा, नावे उपाधीविना छापा. ‘सौ.’ गेल्याने घरातल्या एखाद्या काकू रुसतील, त्याची तयारी ठेवा.

त्याआधी मात्र आत्यांकडे स्वतः जा. दुखावल्याचे तुम्ही त्यांच्या मुलीकडून ऐकले आहे, त्यांना स्वतःला काय वाटले हे तुमच्या पत्रात कोठेच नाही. त्या पिढीतल्या काही स्त्रिया स्वतःच्या नावाआधी ‘गं. भा.’ आपण होऊन लिहितात, तर काहींनी तो शब्द वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसलेला असतो. ‘मी आदरानेच लिहिले होते’ हे वाक्य त्या भेटीत आधी उच्चारू नका, कारण त्यानंतर तुमची समजूत घालण्याचे काम त्यांच्यावर येऊन पडेल. छापण्यापूर्वी विचारायला हवे होते एवढे सांगा, आणि नव्या पत्रिकेत आपले नाव कसे हवे, ते त्यांनाच त्यांच्या हाताने लिहून द्यायला सांगा.