डिसेंबर अखेरीस मुंबईहून चार दिवस जाण्यासारखं, गर्दी नसलेलं आणि फारसं कुणाला माहीत नसलेलं ठिकाण कोणतं?

तुम्ही लिहिलंय की बरोबर म्हातारे आई-वडील आहेत, एक शाळेतला मुलगा आहे, लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, गोवा नको, बजेट किती लागेल तेही सांगा, आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, 'पण बघण्यासारखं भरपूर हवं'. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचते. हेच वाक्य माझा मोठा भाऊ गेली कितीतरी वर्षं मला ऐकवतोय, 'तिथे बघण्यासारखं काय आहे?'

आमच्याकडे ट्रिप म्हणजे दादा ठरवणार. २०१८ च्या मे महिन्यात त्याने आम्हा चौदा जणांना मनालीला नेलं. आईला बर्फ दाखवायचा होता, त्याचा हेतू चांगलाच होता, हे आधीच सांगते. पहाटे चारला हॉटेलवरून निघालो रोहतांग खिंडीकडे, बर्फ बघायला. वाटेत ती कोट भाड्याने देणारी दुकानं, एकेकाला नंबर घातलेले, तिथे अंधारात थांबून कोट-बूट घेतले आणि पुढे मढीच्या अलीकडे गाड्या ज्या थांबल्या त्या थांबल्याच. सहा तास. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, पुढे-मागे नजर पोचेल तिथपर्यंत टॅक्स्या. आईचे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले होते आणि वाटेत बाथरूम मिळणार नाही म्हणून तिने आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद केलं होतं, हे आम्हाला तिथे गाडीत बसल्यावर कळलं. शेवटी तिला राहवेना. मी आणि वहिनी रस्त्याच्या कडेला शाल धरून उभ्या राहिलो आणि सत्तर वर्षांची माझी आई त्या शालीच्या आडोशाला, मागे हॉर्न चाललेत, लोक गाडीतून बघतायत. ती काही बोलली नाही. गाडीत येऊन बसली आणि वरपर्यंत डोळे मिटून होती.

बर्फ दिसला. काळा पडलेला, तुडवलेला, त्यावर मॅगीचे कागद. रात्री दादा म्हणाला, "बघितला ना शेवटी बर्फ?" मी बोलायचं ते बोलले आणि तो म्हणाला, "मग तू ने ना आईला, तुझ्या त्या ओसाड गावांना. काय आहे तिथे बघायला?"

(आता अटल टनेल झालाय, २०२० पासून, त्यामुळे लाहौलकडे जाणाऱ्या गाड्यांना रोहतांग चढावा लागत नाही. पण बर्फ बघायला जाणारे जातातच, परमिटं काढून.)

बाबांचं सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच येतं. बाबा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते, म्हणजे रेल्वेच्या टपालाच्या डब्यात. रात्रभर चालत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत टाकायची, स्टेशन आलं की थैल्या खाली, थैल्या वर. पंजाब मेलवर त्यांची बरीच वर्षं गेली. जळगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा ही नावं आम्ही लहानपणी पाढ्यासारखी ऐकलेली. ते नेहमी म्हणायचे की बुऱ्हाणपूरला मी हजार वेळा दार उघडलं असेल, पण गाव एकदाही बघितलं नाही, मिट्ट काळोख आणि दोन मिनिटं. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणाले आणि राहून गेलं.

म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आठवड्यात, मी आईला आणि माझ्या मुलाला घेऊन पंजाब मेलनेच बुऱ्हाणपूरला गेले. त्याच आठवड्यात दादा महाबळेश्वरला होता आणि वाईच्या पुढे घाटात गाडी अडकल्याचे मेसेज फॅमिली ग्रुपवर येत होते.

बुऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेशात, तापीच्या काठावर, रावेरच्या जरा पुढे. आपल्याकडचे लोक 'मुमताज' म्हटलं की आग्र्याला धावतात. ती वारली बुऱ्हाणपूरला, १६३१ च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात. नदीपलीकडे झैनाबादला आहूखाना म्हणून जागा आहे, तिथे तिला आधी पुरलं होतं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही तिघं, रिक्षावाला आणि शेळ्या. पडकी बारादरी, गवत वाढलेलं. आईला मी हे सांगितलं तर तिने पहिला प्रश्न काय विचारला, "मग त्या तान्ह्या बाळाचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. मुलाने तिथेच मोबाइलवर शोधलं. मुलगी होती, गौहर आरा, ती जगली, १७०६ पर्यंत. आई म्हणाली, "जगली ना, बरं झालं," आणि बराच वेळ त्या दगडावर बसून राहिली. ताजमहालला आम्ही पूर्वी गेलोय, दादाबरोबरच. तिथे आईला बसायला जागा मिळाली नव्हती.

शाही किल्ला गावातच आहे, तापीला लागून. त्यातलं हमामखान्याचं रंगवलेलं छत नीट मान वर करून बघा, घाई करू नका. जामा मशिदीत एक संस्कृत शिलालेख आहे, सोळाव्या शतकातला, फारुकी सुलतानाने मशीद बांधली तेव्हाचा. आतल्या माणसाने आईला खुर्ची आणून दिली आणि मुलाला तो लेख बोट लावून दाखवला. नदीकाठी बोहरडा गावाजवळ 'राजा की छत्री' आहे, ती मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरचा तह, १६६५, तेवीस किल्ले, हे आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. तो माणूस दोन वर्षांनी बुऱ्हाणपुरात मेला, हे मलाही तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि संभाजीराजांचा राज्याभिषेक झाल्याबरोबर, १६८१ च्या सुरुवातीला, हंबीररावांनी छापा घातला तो याच शहरावर. एवढा आपला इतिहास तिथे पडलाय आणि आपण गाडीत झोपून पुढे जातो.

पण माझ्या मनात राहिला तो कुंडी भंडारा. गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर. वरून बघितलं तर काहीच नाही, माळरानावर ओळीने विहिरींची कठडेवाली तोंडं, शंभरच्या वर आहेत. १६१५ मध्ये मुघल सुभेदार खानखाना अब्दुर रहीमच्या काळात केलेली ही पाण्याची योजना. सातपुड्यात मुरणारं पाणी जमिनीखालून तापीकडे जातं, ते मध्येच बोगद्यात धरायचं आणि उतारावर आपोआप गावाकडे न्यायचं, ना मोट ना पंप. या सगळ्या विहिरी खालून एकमेकींना जोडलेल्या आहेत. एका विहिरीत लिफ्ट लावली आहे, ऐंशीएक फूट खाली नेते. आईला वर राखणदाराने खुर्ची दिली, मी आणि मुलगा खाली गेलो. लिफ्टचं दार उघडलं आणि पहिल्यांदा आवाज आला, पाणी चालल्याचा, पण कुठून ते कळत नव्हतं. चपला हातात घेतल्या. पाणी पोटरीपर्यंत, आणि इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. भिंतीला हात लावला तर दगड लागेना, सगळीकडे पांढरा चुन्याचा थर, घट्ट, खडबडीत, मेणबत्ती गळून साठावी तसा. माणूस एकामागे एक जाईल एवढीच रुंदी. आणि ठरावीक अंतरावर वरच्या विहिरीतून उजेडाचा एक खांब खाली पाण्यात उतरलेला, मग अंधार, मग पुन्हा उजेड. माझा मुलगा, जो मॉलमध्ये दहा मिनिटांत कंटाळतो, तो "अजून एक विहीर, अजून एक" करत पुढे चालत राहिला. आमच्याशिवाय खाली जळगावचं एक जोडपं होतं, बस. नाताळचा आठवडा आहे हे लक्षात घ्या!

मुलाने बाटली भरून वर आणली. मी म्हटलं न उकळता नको पिऊ, आईने ऐकलं नाही, दोन घोट प्यायली आणि उरलेलं पाणी घरी घेऊन आली. ती बाटली अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. या जागेचं नाव २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलंय, तेव्हा जायचं तर लवकर जा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मला विचाराल तर ती रीलमधली 'सिक्रेट' ठिकाणं डोक्यातून काढून टाका. देवकुंडचा धबधबा असाच सिक्रेट होता, हरिहर गडाच्या पायऱ्या अशाच, आता शनिवार-रविवारी तिथे रांगा लागतात. त्याऐवजी आपल्या गाड्या रात्री कुठून जातात ते बघा आणि तिथे उतरा. मुंबईचा माणूस एक्स्प्रेस वे धरतो नाहीतर कोकण-गोवा धरतो, इगतपुरीच्या पुढची स्टेशनं त्याच्या हिशोबात नसतात. चाळीसगावला उतरलात तर पाटणादेवी आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख त्याच पाटणचा. तिथून पुढे पितळखोऱ्याची लेणी, इसवीसनाच्या आधीची, पण खूप पायऱ्या उतरायच्या आहेत, म्हाताऱ्यांना नको. जालन्याला उतरून लोणार. ते शाळेच्या पुस्तकात असल्यामुळे सगळ्यांना वाटतं आपल्याला माहीत आहे, गेलेलं मात्र कुणी नसतं. कोकणच हवं असेल तर राजापूर रोडला उतरा, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, आणि सड्यावरची कातळशिल्पं. कशेळीचा तो कातळात कोरलेला हत्ती अठरा मीटरच्या आसपास आहे, त्याच्या शेजारी उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात, लांब जाऊन बघावं लागतं. नंदुरबारचं तोरणमाळ मी स्वतः केलेलं नाही, पण माझ्या मैत्रिणीचं माहेर नंदुरबारला आहे, ती म्हणते डिसेंबरात छान थंडी असते.

बजेटचं म्हणाल तर हॉटेलचे दर सुट्टीत बदलतात, आकडा सांगून फसवत नाही. आम्ही रिक्षा दिवसभरासाठी ठरवली होती, तिसऱ्या दिवशी त्याच रिक्षावाल्याने घरून आईसाठी उशी आणली होती. ट्रेनचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधीच सुरू होतं, त्या दिवशी सकाळी आठला बसा.

हे आधी सांगायला हवं होतं: पंजाब मेल बुऱ्हाणपूरला पोचते रात्री पावणेतीनच्या सुमारास. आम्ही उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बसलो, आई शाल गुंडाळून बाकावर. ती आनंदात होती कारण तिला त्याच वेळी उतरायचं होतं, बाबा दार उघडायचे त्या वेळी. तुमच्या आई-वडिलांना तसं काही कारण नाही, तुम्ही वेळ जमेल अशी दुसरी गाडी बघा. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, खानदेशचं ऊन आहे ते. गावात धूळ आहे, पाट्या धड नाहीत, लिफ्ट चालू आहे का ते आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. असीरगड वीसेक किलोमीटरवर आहे, तिथे अश्वत्थामा रोज महादेवाला फूल वाहतो म्हणतात, गड मोठा आहे, मुलाला आवडेल, पण वर थोडं चालावं लागतं, आई रिक्षातच थांबली होती. आणि स्टेशनवरून दराबा घ्यायला विसरू नका, रवा, तूप आणि साखरेचा, बाबा आणायचे तोच. मावा जिलेबी मात्र तिथेच गरम खा, ती इकडे रमझानमध्ये मोहम्मद अली रोडला मिळते पण तिथली वेगळी. तसं बघाल तर भेंडी बाजारातल्या बोहरी लोकांना बुऱ्हाणपूर नवीन नाही, त्यांचा मोठा दर्गा आहे तिथे, ते वर्षानुवर्षं जातायत. न माहीत असलेलं म्हणजे आपल्याला न माहीत असलेलं, एवढंच.

आणि तुमच्या आई-वडिलांना आधी विचारा की त्यांना काय बघायचंय. मुलाला विचारता, बायकोला विचारता, त्यांना कुणी विचारत नाही, नुसतं गाडीत बसवतात. बाथरूम किती अंतरावर आहे, बसायला जागा आहे का, हे 'बघण्यासारखं काय' याच्या आधी बघा. हे मी दादाला सांगून थकले. त्याला मी कुंडी भंडाऱ्याचे फोटो दाखवले तर म्हणाला, "ही तर विहीर आहे."

यंदा मे महिन्यात तो परत सगळ्यांना हिमाचलला नेतोय. आईने त्याला येणार नाही म्हणून सांगितलं, पहिल्यांदाच, फोनवर, माझ्यासमोर. आम्ही डिसेंबरला देवगिरीने जालन्याला चाललोय, लोणारला. तिला खाली सरोवरापर्यंत उतरता येणार नाही, पण काठावरून दिसतं सगळं, आणि दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे.