कुजणारा मल्चिंग पेपर : किती कुजतो, कधी कुजतो?

प्रश्न : टोमॅटोच्या गादीवाफ्यांवर यंदा प्रथमच विघटनशील मल्चिंग पेपर (वाफा झाकण्याची, मातीत कुजणारी पातळ फिल्म) अंथरला. चाळीस दिवसांतच तो कडेला, मातीत दाबलेल्या भागालगत तुटला आणि वाऱ्याने उचलला जाऊ लागला. पेपर सदोष निघाला असे समजावे काय?

उत्तर : लगेच तसा निष्कर्ष काढू नये. पेपर जिथे तुटला ती जागाच बरेच सांगून जाते. मातीत दाबलेल्या पट्टीला ओल, ऊब आणि सूक्ष्मजीव या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात, त्यामुळे विघटन नेहमी मातीच्या रेषेपासून सुरू होते. वाफ्यावरचा उघडा भाग त्यानंतर उन्हाने कमकुवत होत जातो. पिकाची पाने वाफा झाकून टाकीपर्यंत वरचा भाग शाबूत राहिला, तर पेपरने आपले मुख्य काम केले असे मी मानतो.

तरीही चाळीस दिवस लवकरच म्हणावे लागतील, आणि माझा पहिला संशय अंथरण्याच्या पद्धतीवर आहे. साधा पॉलिथिनचा पेपर तबल्याच्या पुडीसारखा ताठ बसवण्याची आपल्या हातांना सवय असते. विघटनशील पेपर तेवढा ताण सोसत नाही. ताणला की तो पातळ होतो आणि पातळ झालेल्या जागीच आधी फाटतो. म्हणून यंत्राने अंथरताना रोलचा ब्रेक सैल ठेवावा, वाफ्यावरची ढेकळे आणि आधीच्या पिकाची धसकटे वेचून घ्यावीत आणि रोपांसाठी भोके गोल कापावीत, कारण सरळ चीर दिली तर ती पुढे फाटत जाते. पेपर अंथरल्यावर लागवड लांबवू नये. रोल मागच्या हंगामातला असेल तर तेही कारण असू शकते, कारण उष्ण किंवा दमट जागी साठवलेला पेपर वापरण्याआधीच ठिसूळ होतो. उरलेल्या रोलमधली वीतभर पट्टी दोन्ही हातांनी हळूच ओढून पाहावी. ती न ताणता कागदासारखी तटकन तुटली तर दोष साठवणुकीत किंवा मालात आहे, आपल्या अंथरण्यात नाही. सध्या उचललेल्या कडांवर माती ओढून त्या पुन्हा दाबाव्यात.

प्रश्न : लव्हाळ्याचे कोंब पेपर भेदून वर येतात. अधिक जाड पेपर घ्यावा का?

उत्तर : लव्हाळ्याचा टोकदार कोंब पॉलिथिनचा पेपरही भेदतो. जाडी वाढवून फायदा थोडाच होईल आणि पेपर कुजायला मात्र अधिक वेळ लागेल. लव्हाळ्याच्या गाठींचा बंदोबस्त पेपर अंथरण्याआधीच करावा लागतो.

प्रश्न : पीक निघाल्यावर पेपर रोटाव्हेटरने मातीत मिसळला. पुढच्या हंगामाच्या नांगरटीत काळे तुकडे वर आले. मग याला विघटनशील म्हणावे तरी कसे?

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. मातीत कुजणाऱ्या मल्चिंग पेपरसाठी युरोपात २०१८ साली ईएन १७०३३ हे मानक आले. प्रयोगशाळेत, सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या मातीत, २४ महिन्यांच्या आत पेपरमधील किमान ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झाले पाहिजे, अशी त्याची अट आहे; शिवाय रोपे, गांडुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव यांना अपाय होत नाही हेही तपासावे लागते. शेतातली माती मात्र वर्षभर २५ अंशांवर आणि वाफशावर राहत नाही. थंडीत आणि कोरड्या महिन्यांत विघटन जवळजवळ थांबते. त्यामुळे एका हंगामानंतर तुकडे दिसणे ही फसवणूक ठरत नाही.

तुकडे दिसेनासे होणे म्हणजे विघटन नव्हे, ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. असा पेपर ज्यापासून बनतो त्या पीबॅटसारख्या पॉलिमरच्या लांब साखळ्या बुरशी आणि जिवाणूंची विकरे (एन्झाइम) तोडतात आणि सुटलेले लहान रेणू सूक्ष्मजीव अन्न म्हणून घेतात. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये पीबॅटच्या कार्बनला खूण करून पाहिले, तेव्हा तो कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि पेपरवर वाढलेल्या बुरशीच्या तंतूंमध्येही आढळला. खरे विघटन ते हेच.

आपल्या जमिनीचा वेग आपणच मोजावा. पेपरचे सारख्या आकाराचे तुकडे बारीक जाळीच्या पिशव्यांत घालून वीतभर खोल पुरावेत आणि दर दोन महिन्यांनी एकेक पिशवी काढून किती पेपर उरला ते पाहावे. वर्षभरानंतरही निम्म्याहून अधिक उरत असेल, तर त्याच वाफ्यावर दर हंगामाला नवा पेपर गाडू नये. नाहीतर कुजण्यापेक्षा साचणेच अधिक होईल. याचे खत होते, असेही काही जण सांगतात. १५ मायक्रॉनचा पेपर चौरस मीटरला जेमतेम १९ ग्रॅम भरतो, तेव्हा खत म्हणून त्याचा हिशेब धरू नये.

प्रश्न : दुकानात ‘ऑक्सो’, ‘कंपोस्टयोग्य’ आणि ‘जैवाधारित’ असे तीन पेपर दाखवले. यातला कोणता मातीत गाडता येईल?

उत्तर : एवढ्या शब्दांवर एकही नाही. ‘ऑक्सो’ म्हणजे ऊन आणि हवा लागली की तुकडे पडावेत म्हणून रसायन मिसळलेले प्लास्टिक. ते बारीक होते, पण प्लास्टिकच राहते आणि वेचताही येत नाही. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा वस्तू बाजारात आणण्यास बंदी घातली आहे. ‘कंपोस्टयोग्य’ याचा अर्थ बहुधा सुमारे ५८ अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजणारे, आणि शेतातल्या मातीला तेवढी ऊब कधीच मिळत नाही. ‘जैवाधारित’ हा शब्द कच्चा माल कुठून आला एवढेच सांगतो. उसापासून बनवलेले पॉलिथिनही पॉलिथिनच असते. मातीतील विघटनाचे, म्हणजे ईएन १७०३३ चे, प्रमाणपत्र विक्रेत्याकडे लेखी मागावे. ते मिळाले नाही तर साधा, पण जाड पॉलिथिन पेपर वापरून पीक निघताच तो अखंड गुंडाळून शेताबाहेर काढणे मी अधिक योग्य समजतो.