वाचकांचे प्रश्न : कॅरेक्टरचे सोने खर्चायचे कशावर?

प्रश्न : नांदेडला आम्ही इंजिनिअरिंगचे पाच विद्यार्थी दर शनिवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतो. डन्जन मास्टरचे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवण्याचे, काम माझ्याकडे आहे आणि नियम २०१४ च्या आवृत्तीचे आहेत. कॅरेक्टर्स, म्हणजे खेळाडूंनी साकारलेली पात्रे, प्रगतीच्या आठव्या पायरीला (लेव्हलला) पोहोचली असून प्रत्येकाजवळ हजारो सुवर्णनाणी जमली आहेत. चिलखते घेऊन झाली, औषधे घेऊन झाली. आता खजिन्याची पेटी उघडली तरी कोणालाच त्याचे अप्रूप वाटत नाही. काय करावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : ही अडचण आपल्या एकट्याच्या टेबलाची नाही, तिचे मूळ खेळाच्या बदलत गेलेल्या नियमांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा खजिना हेच प्रगतीचे मुख्य माप होते. सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असे आणि अशा गुणांवर कॅरेक्टरची लेव्हल वाढे, त्यामुळे राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चुकवून पेटी पळवणे अधिक शहाणपणाचे ठरे. मिळालेले सोने संपवण्याची सोयही नियमांतच होती. १९७९ च्या डन्जन मास्टरच्या मार्गदर्शक ग्रंथाने वरच्या लेव्हलला जाण्यासाठी प्रशिक्षणाचा खर्च लावला, तो दर आठवड्याला लेव्हलच्या आकड्याच्या १,५०० पट सुवर्णनाणी इतका जबर होता. नवव्या लेव्हलच्या आसपास योद्ध्याने गढी किंवा किल्ला बांधावा आणि त्याच्याकडे शिबंदी जमावी, अशी अपेक्षा होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जादूच्या वस्तूंना ठरलेल्या किमती मिळाल्या आणि सोन्याचा ओघ तिकडे वळला. २०१४ मध्ये जादूच्या वस्तू बाजारात मिळतीलच हे गृहीतक काढून टाकण्यात आले. साध्या चिलखतांतील सर्वांत महाग चिलखत १,५०० नाण्यांचे आणि जखम भरून काढणारे औषध ५० नाण्यांचे. त्यापुढे खेळाडूच्या पुस्तकातील किमतींच्या यादीत फारसे काही उरत नाही. आवक चालू राहिली आणि खर्चाच्या वाटा आटल्या.

यावर चोर घालून सोने लुटून नेणे किंवा अचानक भारी कर बसवणे हा उपाय अनेक डन्जन मास्टर करतात. तो मला साफ अमान्य आहे. जिवावर उदार होऊन मिळवलेली गोष्ट अशी हिरावली गेली, तर खेळाडू पुढच्या वेळी कॅरेक्टरचे सोने नव्हे, स्वतःचे मन खेळातून काढून घेतात. सोने कमी करण्यापेक्षा त्याने विकत घेता येईल असे जग उभे करावे.

त्यासाठी नियमपुस्तकातील एका साध्या ओळीपासून सुरुवात करावी. कुशल माणसाची मजुरी दिवसाला २ सुवर्णनाणी आणि अकुशल मजुराची २ रौप्यनाणी. १० रौप्यनाण्यांचे १ सुवर्णनाणे होते. समजा, आपल्या कॅरेक्टर्सच्या वाटेवर एक ओस पडत चाललेले गाव आहे आणि तेथील जुनी बारव ढासळली आहे. २० पाथरवट व गवंडी आणि ६० मजूर लावले, तर रोजचा खर्च ४० अधिक १२, म्हणजे ५२ सुवर्णनाणी होतो आणि ५० दिवसांच्या कामाला २,६०० नाणी लागतात. चौघांनी मिळून हा खर्च उचलला, तर आठव्या लेव्हलला तो जड नाही आणि हलकाही नाही. आता हे काम टेबलावर घडवावे. दगड कोणत्या खाणीतून आणायचा, गाळ कोणाच्या शेतात टाकायचा, पाणी लागल्यावर पहिला हक्क कोणत्या आळीचा, हे प्रश्न गावकऱ्यांच्या तोंडून खेळाडूंसमोर यावेत आणि निर्णय खेळाडूंनी द्यावेत. गाळ उपसताना खालच्या पायरीवर शिलालेख लागला, तर पुढची मोहीम तेथूनच सुरू होते. त्या गावात नंतर प्रत्येक वेळी राहण्याची, खाण्याची आणि बातमीची सोय होते, कारण तेथील माणसे या कॅरेक्टर्सना नावाने ओळखतात.

आपल्या मराठवाड्यातल्या खेळाडूंना याचे नमुने शोधायला लांब जावे लागत नाही. मलिक अंबरने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहराला पाणी आणणारी नहर बांधली, नळदुर्गच्या किल्ल्यात बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल उभा राहिला. राज्यकर्त्याचा पैसा कोठे गेला हे आजही डोळ्यांनी दिसते.

खरेदीसुद्धा यादीवर खूण करून उरकू नये. नियमांप्रमाणे साधा स्वारीचा घोडा ७५ नाण्यांना आणि युद्धाचा घोडा ४०० नाण्यांना मिळतो. माळेगावच्या यात्रेतील घोड्यांचा बाजार आपल्याच जिल्ह्यातला. तसा बाजार खेळात भरवावा. व्यापारी झालेल्या डन्जन मास्टरने आणि खेळाडूने एका उपरण्याखाली हात घेऊन, जनावरांच्या बाजारात दलाल करतात तसा, बोटे दाबून सौदा ठरवावा आणि बाकीच्यांना अंक कळू देऊ नये. चेहऱ्यावर काही न दाखवता भाव पाडण्याच्या त्या प्रयत्नात ४०० नाण्यांना खरोखर वजन येते.

किल्ल्याचा विचार असेल, तर २०१४ च्या मार्गदर्शक ग्रंथात छोट्या किल्ल्याला ५०,००० नाणी आणि ४०० दिवस सांगितले आहेत. मालक बांधकामावरून जितके दिवस दूर राहील, त्यातील प्रत्येक दिवसामागे काम ३ दिवसांनी लांबते, आणि उभा राहिल्यावर रोजचा देखभालीचा खर्च १०० नाण्यांचा असतो. २०२४ च्या ग्रंथात पाचव्या लेव्हलपासून कॅरेक्टरला स्वतःचे ठाणे मिळते. मात्र त्यातील विशेष दालने लेव्हलप्रमाणे मिळतात, सोने मोजून नव्हे. म्हणून केवळ नवी आवृत्ती घेतल्याने आपला प्रश्न मिटणार नाही.

प्रश्न : आमच्या गटातील एक खेळाडू आपल्या वाट्याचे सगळे सोने प्रत्येक शहरात जेवणावळी आणि मैफलींवर उधळतो आणि नंतर औषधासाठी आमच्याकडे हात पसरतो. त्यावरून भांडणे होतात. (एक वाचक, बीड)

उत्तर : वाटे पाडण्याच्या पद्धतीत बदल करावा, त्या खेळाडूत नव्हे. पाच कॅरेक्टर्स असतील तर खजिन्याचे सहा वाटे करावेत आणि सहावा सामायिक थैलीत टाकावा. औषधे, वाटाड्यांची मजुरी, मुक्कामाचा खर्च त्या थैलीतून व्हावा. पहिली खरेदी हिऱ्यांची असावी : नुकत्याच मेलेल्या सोबत्याला मिनिटाच्या आत उठवणाऱ्या मंत्राला ३०० नाण्यांचे हिरे लागतात, दहा दिवसांपर्यंत उठवू शकणाऱ्या मंत्राला ५०० नाण्यांचा एक हिरा, आणि दोन्ही वेळा ते खर्ची पडतात. हा विमा सर्वांचा आहे, म्हणून तो सर्वांच्या पैशातून घ्यावा.

उरलेल्या वाट्याचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आपला तो मित्र खेळाच्या एका जुन्या परंपरेत बसतो, हेही ध्यानात घ्यावे. आर्नेसन यांनी खेळासाठी रचलेल्या ब्लॅकमूर या काल्पनिक जगात सोने सापडून भागत नसे. कॅरेक्टरच्या आवडीप्रमाणे ते खर्च केले, तरच अनुभवगुण मिळत. कोणी मद्यावर खर्च करी, कोणी धर्मकार्यावर. डन्जन मास्टरने त्या जेवणावळींना फळ द्यावे : पंगतीत बसलेला एखादा कारकून उद्या राजवाड्याचे दार उघडून देईल, किंवा एखादा प्रतिस्पर्धी सरदार अपमान मनात ठेवील. तसे झाले की इतरांनाही त्या खर्चात रस वाटू लागेल.

प्रश्न : शाळेतल्या मुलांबरोबर हा खेळ खेळताना नाण्यांच्या वजनाचा हिशेब ठेवावा का? (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : मुले नववी-दहावीची असतील आणि गणिताची आवड असेल तर अवश्य ठेवावा, पण फक्त मोठी लूट हलवताना. ५० नाण्यांचे वजन एक पौंड धरतात. ५,००० नाणी म्हणजे १०० पौंड, साधारण ४५ किलो. इतका भार भुयारातून पाठीवर आणायचा की बैल भाड्याने घ्यायचे, यावर मुले छान वाद घालतात. एरवी प्रत्येक नाणे तोलत बसल्याने खेळ रेंगाळतो. शहरात आल्यावर एखाद्या सावकाराच्या पेढीवर सोने जमा करून हुंडी घेण्याची सोय ठेवावी. दुसऱ्या शहरातील पेढी ती हुंडी वटवेल आणि वटाव म्हणून शेकड्यामागे काही नाणी कापून घेईल. तो दर आपण ठरवावा आणि वाटेवर दरोडेखोरांची हूल उठली की वाढवावा.