सगळे आले, चला!

प्रश्न : आमचा अठरा जणांचा गट शहराजवळच्या एका जुन्या जंगलात दिवसभराच्या भटकंतीला जाणार आहे. वाट 14 किलोमीटरची, एकूण चढ 300 मीटर, दोनदा ओढा ओलांडायचा आहे. गेल्या वेळी निम्मे लोक पुढे पळाले, निम्मे रडतखडत मागून आले आणि परतताना कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. या वेळी काय करावं?

उत्तर : परतताना न बोलणाऱ्यांत मीही बसले आहे, आणि एकदा तर त्याला कारणही मीच होते. ते पुढे सांगते.

आधी वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून वापरात आहे. 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला सव्वातीन तास आणि वर दोन-चार मिनिटं. पण हा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा हिशेब झाला. अठरा जण म्हणजे बुटांच्या छत्तीस नाड्या, त्यातली एक तरी कायम सुटलेली. मी सरळ दुप्पट धरते आणि दर ओढ्याला अर्धा तास वेगळा. झाले साडेसात तास. सूर्यास्तापासून तेवढे मागे मोजा, त्यातून एक तास आणखी वजा करा, कारण दाट झाडीखाली बाहेरच्यापेक्षा लवकर अंधारतं. निघायची वेळ तीच. कुणी कितीही कुरकुरलं तरी.

आता भांडणाचं मूळ. पुढचे लोक थांबतात, सॅक उतरवतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा माणूस धापा टाकत पोचतो आणि पुढून आरोळी येते, "सगळे आले, चला!" ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. दिवसातून पाच वेळा असं झालं की माणूस घुश्शात येणारच. आमच्याकडे विसाव्याची दहा मिनिटं शेवटच्याने सॅक खाली ठेवल्यावर सुरू होतात. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला मी रांगेत माझ्या लगेच मागे घेते. माझा वेग आपोआप त्याच्याएवढा होतो आणि त्याला शेपटासारखं मागे फरफटत यावं लागत नाही.

आता ती गोष्ट. एका पावसाळ्यानंतरच्या वाटेवर मी ओढ्याकाठी सोळा डोकी मोजली आणि चढ संपल्यावर मोजली तर पंधरा. एक गृहस्थ फाट्यापाशी नाडी बांधायला वाकले होते. सगळ्यात मागे राहण्याचं काम मी त्या दिवशी कुणावरच सोपवलं नव्हतं. ओळखीचीच तर मंडळी, असा विचार केला होता. ते उठले तर समोर दोन वाटा. एकीकडून त्यांना माणसं बोलल्यासारखा आवाज आला, म्हणून ते तिकडे वळले. तो आवाज पाण्याचा होता. खडकांतून वाहणारा ओढा लांबून अगदी माणसांसारखा कुजबुजतो, तुम्हीही कधी ऐकून बघा. सापडायला चाळीस मिनिटं लागली. आमच्या हाका त्याच ओढ्याने गिळल्या होत्या.

तेव्हापासून पुढे एक आणि मागे एक अशी माणसं नक्की ठरलेली असतात, आणि मागच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, नाडी सुटली तरी. प्रत्येक फाट्यावर आपल्या मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, सॅकच्या तळाशी नव्हे. दाट झाडीत मोबाइलवरचा ठिपकाही कधीकधी बरीच थाप मारतो, त्याच्या भरवशावर गट फोडू नका.

प्रश्न : ओढा ओलांडताना बूट काढावेत का? की दगडांवरून उड्या माराव्यात?

उत्तर : दोन्ही नको. शेवाळलेल्या दगडावरच्या उडीने घोटे जातात आणि अनवाणी पायाला तळाचा धारदार दगड दिसत नाही. मोजे काढा, बूट परत चढवा आणि पाण्यातूनच चाला. ओले बूट दिवसभर पचपच करतील, करू देत.

जागा निवडताना मात्र डोळा फसतो. अरुंद जागा सोपी वाटते, पण तेच पाणी तिथून जायचं म्हणजे ते खोल तरी असतं किंवा वेगाने तरी जातं. पात्र रुंद आणि उथळ असेल तिथून जा. खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेलं झाड नको. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर ती झटकन काढता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर मी गट परत फिरवते, वाद घालत नाही. डोक्यावर ऊन असताना पाणी अचानक गढूळलं आणि काटक्या, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वरच्या अंगाला पाऊस झाला आहे. तेव्हा पात्रातून आधी बाहेर पडा.

प्रश्न : जंगल खरंच जुनं आहे हे कसं ओळखायचं? आमच्या वाटेवर एक पोकळ झाड आहे, ते मेलेलं आहे का?

उत्तर : इंग्लंडमध्ये 1600 सालापासून अखंड असलेल्या रानालाच सरकारदरबारी 'प्राचीन' म्हणतात. आपण कागद न बघता पायाखाली बघू. लावलेल्या रानात झाडं ओळीत, एका वयाची, एका जाडीची. जुन्या रानात आजी, आई आणि नात शेजारी शेजारी उभ्या असतात आणि मध्ये पणजी आडवी पडून कुजत असते. त्या कुजण्यावर बुरशी, किडे, शेवाळ असा केवढा तरी संसार चालतो. ते ओंडके शेकोटीसाठी उचलू नका. ओलांडताना पलीकडे काय आहे ते बघूनच पाय टाका, त्या सावलीत साप विसावलेला असू शकतो.

पोकळ झाड बहुधा जिवंतच असतं. खोडाचा गाभा तसाही निर्जीव असतो, झाड जगतं ते सालीलगतच्या थरांवर. तुमच्या झाडाला वर पालवी असेल तर ते छान चाललं आहे. फक्त डबे त्याच्या बुंध्याशी उघडू नका. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं मातीच्या वरच्या हातभर थरात असतात आणि छत्तीस बुटांनी ती माती घट्ट झाली की त्यांना हवा मिळत नाही. थोडं अलीकडे कातळ असेल तर तिथे बसा.