बुर्गग्राफेनाम्ट, म्हणजे गडकऱ्याचा महाल

दक्षिण तिरोलच्या आठ 'जिल्ह्यां'ची नावं मराठीत कशी लिहावीत, असं एका वाचकांनी विचारलंय. आधी तो 'जिल्हा' खोडा. मराठीत जिल्हा म्हटला की कलेक्टर आलाच. इटलीच्या उत्तर टोकाचा हा अख्खा स्वायत्त प्रांत जेमतेम ७,४०० चौरस किलोमीटरचा, साताऱ्याहून लहान. त्यात आठ कलेक्टर बसवायचे कुठे? तिथल्या ११६ नगरपालिकांनी समाईक कामांसाठी केलेले हे संघ आहेत. (बोल्त्सानो शहर मात्र एकटंच एक संघ!) फिन्श्गाऊ, पुस्टरटाल, आयझाकटाल ही खोऱ्यांची नावं. आपल्याकडे कानद खोरं, मुठे खोरं होतीच. 'खोरेसंघ' म्हणा, झालं.

पण मेरान शहराभोवतालच्या संघाचं नाव पाहा: बुर्गग्राफेनाम्ट. बुर्ग म्हणजे गड, ग्राफ म्हणजे त्यावरचा धनी किंवा त्याचा अधिकारी, आम्ट म्हणजे कचेरी, अंमल. मेरानजवळच्या तिरोल नावाच्या गडावर राज्यकर्त्याच्या वतीने जो बसायचा, त्याच्या अंमलाखालचा मुलूख. हा तर आपला गडकरी! ग्राफ दिसला की डोळे मिटून 'सरंजामदार' लिहिणाऱ्या अनुवादकांनी एकदा तरी गडाखाली उभं राहून वर बघावं. आणि हा 'आम्ट' मूळचा केल्टिक 'अम्बाक्तोस', म्हणजे सेवक, यातून आला. त्याच मुळातून अँबॅसेडर निघाला. म्हणजे आपली जुनी अँबॅसेडर गाडी आणि मेरानची कचेरी एकाच गोत्रातल्या.

त्याच गडावरून सगळ्या मुलखाला तिरोल नाव पडलं. तेव्हा 'खरं तिरोल ऑस्ट्रियात, दक्षिणेतलं ते शेपूट' हे ठासून सांगणाऱ्यांनी नकाशा उघडावा. नावाचा गड आज इटलीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाशी झालेल्या १९१९ च्या सँ-जर्मँ तहाने इटलीची सीमा ब्रेनर खिंडीवर गेली.

'आल्तो आदिजे' हे दक्षिण तिरोलचं इटालियन भाषांतर, असंही बेधडक छापलं जातं. अजिबात नाही. अर्थ 'आदिजे नदीचा वरचा भाग'. जुनी सरंजामी नावं पुसून विभागांना नद्यांची नावं द्यायची ही फ्रेंच क्रांतीची खोड. नेपोलियनच्या इटलीत १८१० साली असा विभाग झाला, पण त्याची राजधानी होती त्रेंतो, जो आज शेजारचा वेगळा प्रांत आहे. गडकऱ्याचं मेरान तर त्या विभागात नव्हतंच, ते बव्हेरिया या जर्मन राज्याकडे राहिलं! हे नाव विसाव्या शतकात इटालियन राष्ट्रवादी एत्तोरे तोलोमेई यांनी जर्मन नावं हटवण्याच्या मोहिमेत पुन्हा वर काढलं.

नदी मात्र एकच. जर्मन लोक तिला एच म्हणतात, इटालियन आदिजे. 'अडिगे' कोणीच म्हणत नाही, आपले वृत्तनिवेदक सोडले तर.