तामिळनाडूत पाऊस नेमका पडतो तरी कधी?

तुमचा प्रश्न असा की तामिळनाडूला हजार किलोमीटरच्या वर समुद्रकिनारा आहे, कावेरी आहे, एवढा भात पिकतो, मग दर उन्हाळ्यात तिथं पाण्याची बोंब का? मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे चार वर्षं चेन्नईत काढली, तर जे भोगलं त्यावरून सांगते.

२०१८ च्या जूनमध्ये मी गेले तेव्हा बॅगेत रेनकोट, छत्री, पावसाळी चपला, सगळं होतं. जून गेला, जुलै गेला, संध्याकाळी एखादी गडगडाटी सर आली तर आली, बाकी नुसता घाम. घरमालकीण मामी माझी छत्री बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "ऐप्पसी वरट्टुम", म्हणजे ऐप्पसी महिना तर येऊ दे! ऐप्पसी साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो.

आपला नैऋत्य मान्सून सह्याद्रीवर आपटून पलीकडे जातो तोपर्यंत रिकामा झालेला असतो. ऑक्टोबरात वारं फिरतं, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतं, आणि वर्षाच्या पावसातला जवळपास निम्मा तेव्हा पडतो, चेन्नईसारख्या किनाऱ्यावर तर त्याहून जास्त. पण हा पाऊस आपल्यासारखा रोज भुरभुर लागून राहत नाही हो, तो बराचसा समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून. पट्टा इकडे वळला तर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, आणि आंध्राकडे सरकला की तुम्ही कोरडे. १ डिसेंबर २०१५ च्या सुमारास चेन्नईजवळ तांबरमला २४ तासांत ४९ सेंटीमीटर पडला आणि शहर बुडालं. आणि माझ्या पहिल्याच वर्षी, २०१८ ला, ऐप्पसी आली ती कोरडीच. नोव्हेंबरात गजा वादळ वेदारण्यमला धडकलं, कावेरीच्या मुखाजवळच्या डेल्टातली नारळाची झाडं मुळासकट आडवी झाली, आणि चेन्नईत आम्ही आभाळाकडे बघत बसलो.

मग २०१९ चा उन्हाळा. शहराला पाणी देणारे तलाव आटले, बिल्डिंगच्या संपमध्ये (तिथं जमिनीखालच्या टाकीला संपच म्हणतात) खाली गाळ दिसायला लागला. पाण्याची लॉरी कधी येणार याचा नेम नाही, गल्लीत रंगीबेरंगी प्लास्टिकच्या कुडमांची म्हणजे घागरींची रांग, कुणाची घागर कुठली यावरून भांडणं, मी स्वतः ऑफिसला दांडी मारून रांगेत उभी राहिलेय. जुलैत तर जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणलं, एका खेपेला २५ लाख लिटर. लातूरची पाण्याची ट्रेन आठवत असेल तर तसंच.

हा लहरीपणा जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता, म्हणून तर गावोगाव एरी. एरी म्हणजे मातीचा बांध घातलेला तलाव, एकाचा सांडवा पुढच्या एरीत जातो, अशी साखळीच. राज्यात अशा ३९ हजारांच्या आसपास आहेत. शहरांच्या कडेच्या कितीतरी बुजवून त्यावर कॉलन्या झाल्या, मग पूर आला की त्याच कॉलन्या पहिल्या बुडतात आणि उन्हाळ्यात त्यांनाच टँकर लागतो, काय बोलणार.

कावेरीचं गणित मात्र वेगळं आहे आणि मला ते सगळ्यात भारी वाटतं. नदी उगम पावते कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे तिला पूर येतो तो आपल्याच नैऋत्य मान्सूनचा. तंजावरकडे अजून स्वतःचा पाऊस सुरू व्हायचाय आणि नदी मात्र भरून येते. ऑगस्टच्या सुरुवातीला आडीपेरुक्कुच्या सणाला बायका घाटावर जाऊन त्याच पाण्याची पूजा करतात, सोबत डब्यात चिंचेचा भात, लिंबाचा भात. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडायची प्रथा आहे, त्यावर कुरुवैचं, म्हणजे कमी दिवसांच्या भाताचं पीक, आणि पुढे सांबाच्या, म्हणजे जास्त दिवसांच्या भाताच्या पिकाला ईशान्येचा पाऊस. दुसऱ्याच्या आभाळातलं पाणी म्हटल्यावर भांडण आलंच, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकानं तामिळनाडूला वर्षाला १७७.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी सोडायचं असं ठरवलं तरी पाऊस कमी झाला की वाद पुन्हा उकरून निघतो.

व्यंकोजीराजांची गादी ज्या तंजावरात होती तिथलं सगळं वैभव याच भातावरचं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेख आहे, तो आवर्जून बघा. (संभाजीराजांवरून सांबार ही गोष्ट रंगवून सांगतात लोक, पण ती गोष्टच.)

फिरायला जाणार असाल तर नोव्हेंबरचं बुकिंग करू नका, सकाळी उठून पावसामुळे कलेक्टरनं शाळेला सुट्टी दिली का तेच बघत बसाल. पोंगलच्या सुमारास जा, जानेवारीच्या मध्यावर, सांबाची कापणी चालू असते, हवा बरी असते, पहाटे दारासमोर मोठे कोलम म्हणजे रांगोळ्या आणि शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल दिसेल. आणि जून-जुलैतच जमणार असेल तर कुट्रालमच्या धबधब्यांकडे, तिथं घाटाच्या खिंडीतून आपला पाऊस थोडा निसटून येतो. माझी छत्री पहिल्यांदा उघडली ती तिथंच.